एका पेल्यात किती ऊस?



मागे खोडव्याच्या पाहणीला आम्ही शिवारात गेलो होतो. बांधावर चहा झाला आणि एका तरुण सभासदाने विचारले, "साहेब, मित्रांसंगं गोव्याला गेलो होतो. तिथं नारळ, अननस आन् रमचं गार पेय घेतलं. पिना कोलाडा म्हनं. एका पेल्याला साडेचारशे रुपये! ती रम उसाचीच ना? मग त्यातलं ऊसवाल्याला किती?"

बाकीचे हसले, आम्हीही हसलो. पण प्रश्न हिशेबाचा होता, आणि हिशेबाचा प्रश्न हसण्यावारी नेऊन चालत नाही. म्हणून हा लेख.

मळीचा हिशेब

काही गावांत प्रेसमडलाही मळी म्हणतात. इथे मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, दाट मोलॅसिस. एक टन ऊस गाळला की साधारण 40 ते 45 किलो शेवटची मळी निघते. तिच्यात पाणी आणि यीस्ट घालून ती आंबवतात आणि मग उकळून वाफेतून अल्कोहोल काढतात. टनभर मळीपासून सुमारे सव्वादोनशे लिटर अल्कोहोल मिळते. रम बहुतेक ठिकाणी याच मळीची होते. आपल्याकडे अलीकडे बरीचशी मळी इथेनॉलकडे जाते, पण वाट तीच.

आता पेला घ्या. त्यात 60 मिली रम धरली तर तिच्यासाठी साधारण 115 ग्रॅम मळी लागते, आणि एवढी मळी अडीच किलो उसातून येते. म्हणजे दोन बऱ्यापैकी ऊस! टनाला साडेतीन हजार भाव धरला, तर या उसाचे झाले पावणेनऊ रुपये. शिवाय याच उसातून आधी पाव किलोच्या आसपास साखर निघालेली असते. म्हणजे पावणेनऊ रुपयेही सगळे रमच्या खाती धरता येणार नाहीत. उरलेल्या पैशांत सरकारचा कर, बाटलीवाल्याचा नफा, हॉटेलचे भाडे, नोकरपगार, नारळ, अननस, बर्फ सगळे आले.

घरी करायचे तर

साडेचारशे रुपये मोजायची गरज नाही. एका पेल्यासाठी पांढरी रम 60 मिली, पिकल्या अननसाचा रस 90 मिली, नारळाचे पहिले घट्ट दूध 45 मिली, साखर दोन चमचे आणि वाटीभर बर्फ घ्यावा. नारळ खवून अगदी थोड्या कोमट पाण्यात वाटून पिळावा, म्हणजे दूध घट्ट येते. साखर त्यातच विरघळवून घ्यावी. मग सगळे मिक्सरमध्ये घालून बर्फाचा चुरा होईपर्यंत फिरवावे आणि लगेच प्यावे. ठेवले की पाणी आणि दूध वेगळे होते. नारळाऐवजी म्हशीचे दूध किंवा साय घालू नये. कच्च्या अननसाच्या रसाने दूध कडवट होते. काळी रम घातली तर रंग मातकट येतो, पण गुळासारखी चव बरी लागते.

घरातल्या पोरांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी रम वगळून हेच करावे. खरे सांगायचे तर आम्हाला तेच जास्त आवडते. आपल्या राज्यात दारूला परवाना लागतो आणि रमसारख्या कडक दारूला वयाची 25 वर्षे पुरी लागतात, हे ध्यानात ठेवावे. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. डिस्टिलरीतले किंवा कुठल्याही ड्रममधले स्पिरिट म्हणजे रम नव्हे. 2015 साली मुंबईत मालवणीला मिथेनॉलच्या विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. कुणी "फुकट आणलंय" म्हणाला, तरी त्याला हात लावू नये.

ज्या बेटाचे हे पेय

आता मूळ मुद्दा. पिना कोलाडा हे कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाचे पेय. 'पिना' म्हणजे अननस, 'कोलाडा' म्हणजे गाळलेला. 1954 साली सान हुआन शहरातल्या कॅरिबे हिल्टन हॉटेलात रामोन मारेरो या बारमनने ते बसवले, असे सांगतात. दुसरेही दावेदार आहेत. त्यात लागणारी नारळाची गोड साय डब्यात भरायची युक्ती तिथल्या विद्यापीठातल्या रामोन लोपेस इरिसारी या शेतीच्या प्राध्यापकाची. 1978 साली तिथल्या सरकारने या पेयाला बेटाचे अधिकृत पेय ठरवले.

तेव्हा हे बेट उसाचेच होते. 1952 च्या हंगामात तिथे दहा लाख टनांहून जास्त साखर झाली होती. पुढे मजूर शहरातल्या कारखान्यांकडे आणि अमेरिकेकडे गेले. तोडणीला माणूस मिळेना. यंत्रे उशिरा आली, एकरी उतारा घसरला. ऊस कमी म्हणून कारखाना अर्धपोटी, कारखाना तोट्यात म्हणून पेमेंट रखडलेले, आणि पेमेंट रखडले म्हणून आणखी शेतकरी ऊस सोडणार, असे ते चक्र. 1970 नंतर सरकारने कारखाने हाती घेतले, तरी ते सावरले नाहीत. 2000 सालानंतर दोन-चार वर्षांतच शेवटच्या कारखान्याचीही चिमणी थंड झाली.

रम मात्र बंद पडली नाही! पोर्तो रिकोची रम आजही जगभर जाते, पण तिची मळी बहुतेक बाहेरच्या देशांतून जहाजाने येते. बेटाचे नाव बाटलीवर राहिले, ऊस रानातून गेला.

सभासदांनो, आम्हाला वाटते त्या पोराच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. डिस्टिलरीला मळी कुठूनही आणता येते. आपल्याला गव्हाण मात्र दुसरीकडून आणता येत नाही. पेल्यातले पावणेनऊ रुपये कमी की जास्त, यावर भांडायला वार्षिक सभा आहे, जरूर भांडा. पण भांडायला आधी कारखाना चालू पाहिजे, आणि कारखाना चालायला ऊस पाहिजे.

तेव्हा आपल्या हातातले तेवढे करू. खोडव्याचे पाचट जाळू नका, सरीत दाबा. नांग्या वेळेत भरा. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीवर पोचेल असे बघा. शिळ्या उसातली साखर वाटेतच मरते, ती पुन्हा कुणाच्याच हाती लागत नाही. वाढे आणि माती मोळीत बांधू नका.

त्या तरुण सभासदाला आम्ही एवढेच म्हणालो, "पेला गोव्याचा असू दे बाबा, ऊस आपल्या रानातला राहिला पाहिजे." त्याने मान डोलावली. त्याच्या खोडव्यात नांग्या बऱ्याच दिसत होत्या; रोपे मागायला तो पुढच्याच आठवड्यात गट ऑफिसला आला.

— ऊस विकास अधिकारी