खारे वारे कधी येणार?

२८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ४१.७ अंश सेल्सिअसवर गेला. मार्च महिन्यातला तिथला हा उच्चांक. १७ मार्च २०११ ला तो ४१.६ पर्यंत पोचला, २५ मार्च २०१८ ला ४१ अंशांवर टेकला. समुद्राला खेटून वसलेल्या शहरात असा विदर्भाचा आकडा दिसतो तेव्हा त्यामागे बहुधा एकच गोष्ट असते. पूर्वेचा कोरडा वारा जोर धरून राहतो आणि खारे वारे वेळेवर येत नाहीत. एरवी अकरा-साडेअकरा, फार तर बाराच्या सुमारास समुद्रावरची हवा आत शिरते आणि पाऱ्याची चढण तिथेच थांबते.

खारे वारे वेळेवर येण्या-न येण्याचा हा फरक स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाला घामातून कळतो. नवी मुंबईत नोकरी करून शनिवार-रविवारी विंगची, म्हणजे कापडी पंखाची, भलीमोठी बॅग पाठीवर टाकून घाट चढणाऱ्या पॅराग्लायडर पायलटांचा मात्र सगळा दिवस त्यावर ठरतो. वाशी, खारघर, पनवेलकडून एक्सप्रेसवेने दीड-दोन तासांत मावळातलं कामशेत येतं. मुंबई-पुण्याकडच्या पॅराग्लायडिंगचं हे मुख्य ठिकाण. इथे उडायचं की नाही, कुठल्या डोंगरावरून, किती वाजता आणि किती उंच जाता येईल, याचा अंदाज बांधणं हे हवामानशास्त्राचं एक बारीक आणि फार सुंदर अंग आहे. त्याची सुरुवात शीर्षकातल्या प्रश्नाने होते.

नवी मुंबईतच का उडत नाहीत, असं कुणीही विचारेल. पारसिकची डोंगररांग आहे, खारघरचं पठार आहे, पनवेलच्या पुढे कर्नाळ्याचा सुळका आहे. पण इथलं आकाश विमानांचं आहे. मुंबई विमानतळाचं नियंत्रित क्षेत्र आधीपासून होतंच. त्यात उलव्याची टेकडी कापून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. मुंबई पोलीसही सुरक्षेच्या कारणावरून ड्रोन आणि पॅराग्लायडर यांना बंदी घालणारे आदेश वेळोवेळी काढतात. हे नियम पाळलेच पाहिजेत. दुसरं कारण हवेचं आहे. खाडीकाठी दुपारी समुद्राची थंड, जड हवा जमिनीलगत पसरते. तिच्यावर तुलनेने गरम हवेचं झाकण बसतं आणि त्याखाली थर्मलला वर जायला वावच उरत नाही.

थर्मल म्हणजे उन्हाने तापलेल्या जमिनीवरून सुटून वर जाणारा गरम हवेचा लोट. पॅराग्लायडरला इंजिन नाही. शांत हवेत तो सेकंदाला साधारण एक मीटर खाली येत राहतो. हवा सेकंदाला तीन मीटरने वर जात असेल तर तिच्यात गोल गोल फिरणारा पायलट दोन मीटरने वर चढतो. छातीवरचं व्हेरिओ हे चढ-उतार मोजणारं यंत्र टिकटिक करून ते सांगतं. हँग ग्लायडरचा हिशेबही असाच, फक्त तो जास्त वेगाने उडतो आणि समोरच्या वाऱ्याला जास्त दाद देत नाही. पॅराग्लायडरचा नेहमीचा वेग ताशी ३६ ते ४० किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला तर तो जागच्या जागी लटकतो आणि त्याहून जास्त आला तर मागे डोंगराच्या आडोशाला, घुसळलेल्या हवेत ढकलला जातो. म्हणून अंदाजात थर्मलइतकंच महत्त्व वाऱ्याच्या जोराला आहे.

हवा आज किती ‘उडण्यासारखी’ आहे, हे पद्धतशीर टिपून ठेवणारा एक माणूस भारतातच होऊन गेला. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन हा आग्र्याचा जंतुशास्त्रज्ञ. गंगेच्या पाण्यावरच्या १८९६ सालच्या निबंधामुळे आणि मुंबईतल्या प्लेगच्या कामामुळे त्याचं नाव इतिहासात आहे. पण वर्षानुवर्षं तो घारी आणि गिधाडांकडे बघत बसला आणि १९१३ साली पक्ष्यांच्या उड्डाणावर त्याचं जाडजूड पुस्तक आलं. पंख न हलवता तरंगायला घारी आधी सुरुवात करतात, जड गिधाडं उशिरा निघतात, हे त्याने रोजच्या रोज वेळेनिशी नोंदवलं. उन्हाने मिळणारी उचल आणि वाऱ्याने मिळणारी उचल यांत त्याने फरक केला. विज्ञानाकडे त्या वेळी थर्मलचं नीट चित्रही नव्हतं, तरी त्या नोंदी आजच्या पायलटाला ओळखीच्या वाटतील. हलकं आधी उडतं, कारण सकाळचे थर्मल दुबळे असतात. आजही टेकऑफवर उभा असलेला पायलट आधी घारी शोधतो. नवी मुंबईतून निघतानाही खाडीपलीकडे देवनारच्या कचराभूमीवर त्या घिरट्या घालू लागल्या की हवा सुटली म्हणायची.

घार आताचं सांगते, दुपारचं सांगत नाही. त्यासाठी वरच्या हवेचं तापमान लागतं आणि ते फुगे देतात. सांताक्रूझहून भारतीय हवामान विभागाचा हायड्रोजनचा फुगा यंत्र घेऊन वर जातो. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या त्याच्या नोंदींच्या वेळा. तो उंचीनुसार तापमान, आर्द्रता आणि वारा कळवतो आणि ही माहिती जगात कुणालाही पाहता येते. ती ज्या तिरक्या रेघांच्या आलेखावर मांडतात, तो टेफिग्राम नेपियर शॉ यांनी १९१५ च्या सुमारास तयार केला. आपल्याकडे हवामानशास्त्रज्ञांच्या पिढ्या त्यावरच घडल्या.

त्या आलेखावरून थर्मलची उंची काढणं शाळकरी गणिताइतकं सोपं आहे. वर जाणारी कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंश थंड होते. आजूबाजूच्या हवेइतकी थंड झाली की ती थांबते. समजा, मार्चमधल्या एका पहाटेच्या नोंदीत समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरवर १६ अंश आहेत. कामशेतची जमीन साधारण ६०० मीटरवर. मधलं अंतर २,००० मीटर, म्हणजे वाटेत २० अंशांची घट. तिथवर पोचायचं तर निघताना हवा ३६ अंशांची हवी. मार्चमध्ये पुण्याकडे ३६ अंश ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की पारा तिथे किती वाजता पोचणार आणि त्याआधी समुद्राची हवा येऊन घोटाळा करणार की नाही. थर्मलच्या माथ्याशी उचल मंदावते आणि पायलटाचं स्वतःचं घसरणं चालूच असतं, त्यामुळे प्रत्यक्षात तो काहीशे मीटर खालीच थांबतो.

ढगांचाही असाच ठोकताळा आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगांचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. किनाऱ्यावर ३३ अंश तापमान आणि २३ दवबिंदू असेल तर तळ १,२५० मीटरवर. घाटावर ३६ आणि ८ असेल तर ३,५०० मीटरवर. पण थर्मल जर २,००० मीटरवरच थांबत असतील तर ढग बनतच नाहीत. मावळातले फेब्रुवारी-मार्चचे कितीतरी दिवस असे कोरडे, निरभ्र असतात. थर्मल असतो, पण वर खूण नसते. अशा दिवशी खालच्या खुणा वाचाव्या लागतात आणि मावळ त्या भरभरून देतं. भात निघून गेलेली उघडी खाचरं झपाट्याने तापतात, पवनेचं पाणी तापत नाही. काळ्या कातळाचे पश्चिमेकडचे उतार दुपारी पेटतात. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तेव्हा धुराची रेघ कुठे वाकते आणि कुठे एकदम सरळ उभी राहते, हे पाहणारा पायलट त्या शेतकऱ्याचा ऋणी असतो. वावटळ दिसली तर खाली थर्मल सुटला हे नक्की. पण उतरताना तिच्यापासून लांब राहिलंच पाहिजे, कारण जमिनीजवळ ती विंग क्षणात मिटवते.

आता अडचणीकडे येऊ. सांताक्रूझचा फुगा समुद्रकाठी सुटतो, तर पायलट घाटमाथ्यावर उभा असतो. मधलं हवाई अंतर ८० किलोमीटरच्या आसपास आणि त्यात सह्याद्रीची भिंत. त्यामुळे त्या आलेखाचा खालचा ६०० मीटरचा दमट भाग मावळासाठी बाजूला ठेवावा लागतो आणि वरचा ठेवून तळाशी पुण्याकडचं तापमान बसवावं लागतं. हे न करता मुंबईचा आलेख जसाच्या तसा वाचला की अंदाज चुकतो.

मावळातला दिवस दोन वाऱ्यांमध्ये वाटलेला असतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सकाळी पूर्वेकडची हवा असते, म्हणून पूर्वेला तोंड असलेला डोंगर. दुपारनंतर पश्चिमेची हवा घाट चढून येते, तेव्हा पश्चिमेचा. त्या दोघांच्या मधल्या तासांत सगळ्यात चांगले थर्मल मिळतात. खारे वारे एकदा वर पोचले की हवा थंड होते, थर्मल मावळतात आणि वारा एकसारखा, कधीकधी नवशिक्यांना झेपणार नाही इतका जोराचा वाहू लागतो. वाऱ्याचा जोर बेताचा असेल तर मात्र संध्याकाळी डोंगराच्या धारेवर तासन्‌तास तरंगता येतं. लांब पल्ल्याचं क्रॉस कंट्री उड्डाण करायचं असेल तर खाऱ्या वाऱ्यांच्या या आघाडीच्या पुढे, पूर्वेकडे निसटावं लागतं. पूर्वेची हवा आणि समुद्राची हवा जिथे समोरासमोर भिडतात तिथे हवेला वरच जावं लागतं. एखाद्या दिवशी त्या सीमेवर ढगांची ओळ उमटते आणि ती पकडणाऱ्याला गोल फिरायचीही गरज पडत नाही.

ही आघाडी येताना कळावी कशी? विमानतळावरून दर अर्ध्या तासाला हवामानाचा अहवाल निघतो. सांताक्रूझला वारा ईशान्येकडून वळून पश्चिमेचा झाला, तापमान थबकलं आणि दवबिंदू वर उसळला, की खाऱ्या वाऱ्यांनी किनारा ओलांडला. घाटमाथ्यावरच्या पायलटाला काही तासांची सूचना मिळाली. माझ्या मते या भागातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं अंदाजाचं साधन हेच आहे. त्याला कसलंही शुल्क नाही.

संगणकी प्रारूपांनी गेल्या दोन-अडीच दशकांत खूप मजल मारली. कॅलिफोर्नियातले हवामानशास्त्रज्ञ आणि ग्लायडर पायलट जॉन ग्लेंडेनिंग यांनी ‘डॉ. जॅक’ या नावाने ‘रास्प’ ही पद्धत तयार करून खुली केली. थर्मलचा माथा, त्यांची ताकद, ढगांचा तळ आणि वारे एकमेकांना भिडतील त्या रेषा ती नकाशावर दाखवते. ताकदीचं तिचं माप जेम्स डिअरडॉर्फ यांच्या १९७० च्या कामातून आलेलं आहे. जमिनीतून किती उष्णता हवेत शिरते आणि तळापासून माथ्यापर्यंत हवा किती जाड थरात घुसळली जाते, या दोन गोष्टींवर ते ठरतं. वेगवेगळ्या देशांत हौशी पायलटांनी आपापल्या डोंगरांसाठी ती बसवून घेतली. भारतात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी सुरू झाली. तिची चौकट ६ किलोमीटरची आहे आणि जागतिक प्रारूपांत ही बारीक समजली जाते. तरीही घाट इतक्या थोड्या अंतरात कोकणातून मावळाच्या उंचीवर चढतो की ६ किलोमीटरच्या एका चौकटीत दरी आणि माथा दोन्ही मावतात आणि कडा पुसला जातो. पडद्यावरचा रंगीत नकाशा म्हणूनच शेवटचा शब्द नाही. त्यावर डोंगराचं ज्ञान चढवावं लागतं.

एका बाबतीत मात्र ढिलाई जिवावर बेतते. एप्रिलच्या उत्तरार्धापासून घाटावर वळवाचे ढग चढू लागतात. मोठ्या ढगाखालची उचल इतकी असते की विंग कितीही मिटवली तरी पायलट खाली येऊ शकत नाही. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियात मॅनिला इथे सराव करणारी जर्मन पायलट एवा विश्निएर्स्का वादळी ढगात ओढली गेली आणि ९,९०० मीटरच्या वर पोचली. ती बेशुद्धावस्थेतून शुद्धीवर येऊन जिवंत उतरली. त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट वाचला नाही. दोघेही अनुभवी होते. थर्मल जोरदार करणारी परिस्थिती आणि वादळ उभारणारी परिस्थिती यांच्यात फार अंतर नसतं. मे महिन्यात पुण्याच्या बाजूला दुपारी फुलकोबीसारखे ढग उभे वाढू लागले की विंग गुंडाळावी.

या सगळ्याचा उपयोग केवळ उडणाऱ्या मूठभरांना नाही. थर्मल ज्या उंचीपर्यंत जातात तिथपर्यंतच धूर, धूळ आणि वायू मिसळून विरळ होतात. हिवाळ्याच्या रात्री आणि पहाटे हा मिसळण्याचा थर जमिनीलगत दबतो, म्हणूनच तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ, खारघर-कळंबोलीकडे राहणाऱ्यांना उग्र वास रात्री-पहाटे जास्त जाणवतो. पायलट उचलीसाठी जो आकडा शोधतो, तोच आकडा त्या रहिवाशाला खिडकी कधी उघडावी हे सांगू शकतो.

फुगे आहेत, प्रारूप आहे, संगणक पुण्यातच आहेत. हवामान विभाग आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने फेब्रुवारी ते मे या काळात रोज सकाळी आठपर्यंत ठाणे, रायगड आणि मावळासाठी मराठीत एवढं जाहीर करावं : हवा किती उंचीपर्यंत मिसळणार, खारे वारे किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर किती वाजता पोचणार, दुपारी वळवाचा धोका किती. आणि या सुट्टीत कामशेतला टँडम उड्डाणासाठी जाणाऱ्या वाचकांनी पट्टे बांधून घेण्याआधी आपल्या पायलटाला विचारावं, की आज वारा कधी फिरणार आहे. त्याने नेमकं उत्तर दिलं तर निश्चिंत उडावं. तो गडबडला किंवा ‘बघू’ म्हणाला, तर त्या दिवशी पवनेच्या काठावर फिरून परत यावं.