अकरा पस्तीसचा फोटो

परदेशातून आलेल्या माणसाच्या घरी चहाला जाणं हे एके काळी धाडसाचं काम होतं. चहा व्हायचा, चकली व्हायची आणि आपण पर्स उचलणार तोच यजमान म्हणायचे, "बसा ना, फोटो बघून जा." टीव्हीला पिवळी-पांढरी वायर आधीच जोडून ठेवलेली असायची. मग सुरू. "हे आम्ही. हे पण आम्हीच. ह्यात हे जरा हललेत. हे बसमधून काढलंय, काच आलीय मध्ये." पाहुणे घड्याळाकडे बघतायत, मुलं पेंगतायत आणि अजून पॅरिसच संपलेलं नाही.

हे मी इतक्या अधिकारानं सांगते, कारण २००८ च्या जूनमध्ये असा चहा मी स्वतः निदान पंधरा कुटुंबांना पाजला आहे.

त्याचं असं झालं. माझे सासरे, म्हणजे आमचे दादा, २००७ मध्ये निवृत्त झाले. फंडाचे पैसे आले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "एकदा युरोप बघायचा." सासूबाईंनी आयुष्यात विमान फक्त गच्चीवरून बघितलेलं. ह्यांना रजा मिळेना आणि दोघांना एकटं पाठवायचं धाडस कुणाला होईना. म्हणून सोबतीला मी. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. लेक तीन वर्षांची, तिला माझ्या आईकडे ठेवलं. व्हिसाची कागदपत्रं दोनदा करावी लागली, कारण तेव्हा स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आलेलं नव्हतं. ते आलं त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

निघायच्या आधी आठ दिवस ह्यांनी कॅमेरा आणून दिला. निकॉनचा कूलपिक्स, सात मेगापिक्सेल, तळहातात मावेल एवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सोबत दोन जीबीचं कार्ड. म्हणाले, "सहाशेच्या आसपास बसतील." सहाशे! आमच्या लग्नानंतर महाबळेश्वरला आम्ही छत्तीसचा एक रोल नेला होता आणि त्यातले चार घरच्या सत्यनारायणासाठी राखून ठेवले होते. सहाशे म्हटल्यावर माझं भानच सुटलं. मुंबईच्या विमानतळावरच मी बावीस फोटो काढले.

कॅमेऱ्याचं पुस्तक मात्र वाचलं नाही. त्याची शिक्षा जागोजागी भोगली. पॅरिसला आयफेल टॉवर रात्री दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतो. ते टिपायला मी फ्लॅश लावून सटासट बटण दाबलं. आता एवढ्याशा कॅमेऱ्याचा फ्लॅश तो केवढा, तीन-चार मीटरच्या पुढे जातच नाही. फोटोत काय आलं? पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसांची चकचकीत डोकी आणि मागे मिट्ट काळोख. बर्फावर त्याच्या उलट. युंगफ्राउयोखला, म्हणजे ३४५४ मीटर उंचीवर, जिथे १९१२ पासून डोंगराच्या पोटातून आगगाडी जाते, तिथे मी काढलेला बर्फ धुणं नीट न निघाल्यासारखा करडा आला आणि आमचे चेहरे काळे. समोर सगळं पांढरंशुभ्र असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो आपणहून अंधार करतो. त्यासाठी बर्फाची एक वेगळी खूण कॅमेऱ्यात होती, हे मला साताऱ्याला परत आल्यावर फोटोच्या दुकानातल्या मुलानं सांगितलं.

तिथेच वर सेलनं मान टाकली. नवेकोरे सेल, पण त्या थंडीत कॅमेरा उघडायलाच तयार नाही. मी रडकुंडीला आले. सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे ते." त्यांनी दोन्ही सेल काढून घेतले आणि स्वेटरच्या आत, जिथे त्यांची पैशांची छोटी पाकीट असायची, तिथे ठेवून दिले. दहा मिनिटांनी काढून दिले तर कॅमेरा चालू! थंडीनं सेल मंदावतात आणि ऊब मिळाली की पुन्हा जागे होतात, हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं होतं? म्हणाल्या, "कोंबडीची पिल्लं नाही का अशीच ठेवत आपण." पुढच्या सगळ्या प्रवासात सेलचं खातं त्यांच्याकडे होतं.

आणखी एक घोटाळा झाला, तो आमच्या घरात अजून मिटलेला नाही. कॅमेऱ्यात फोटोच्या कोपऱ्यात तारीख-वेळ छापायची सोय होती. ती ह्यांनी साताऱ्यातच चालू करून दिली आणि तिथे गेल्यावर घड्याळ बदलायचं कुणालाच सुचलं नाही. उन्हाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. त्यामुळे रात्री नऊला, अजून लख्ख उजेड असताना काढलेल्या फोटोवर मध्यरात्रीचे साडेबारा. तारीखही दुसऱ्या दिवसाची. आमच्या आत्याबाई तो फोटो बघून म्हणाल्या होत्या, "इतक्या रात्री कशाला गं भटकत होता परक्या मुलखात?"

तर चहा-चकलीचे कार्यक्रम आटोपले. कौतुक झालं, थोडी जळजळही झाली असणार. आमच्या मागच्या वस्तीत मी बचत गटाचं काम बघत असे. चौदा बायका, बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या, एक-दोघी बांधकामावर. महिन्याला पन्नास रुपये जमा करायच्या. त्यांना फोटो दाखवावेत असं मला वाटेना. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. कर्जाच्या हप्त्यावरून जिला मी मागच्याच महिन्यात चार शब्द सुनावले, तिच्यापुढे मी बर्फात उभी असलेली दाखवू? पण त्याच मागे लागल्या. "ताई, आमाला न्हाई व्हय दावायचं?"

मग दुकानातून छत्तीस फोटो छापून आणले. तिथेही एक धडा मिळाला. अशा कॅमेऱ्याचा फोटो जरा चौकोनी असतो आणि चार बाय सहाचा कागद लांबट. दुकानातलं मशिन मग वरून-खालून छाटून टाकतं. दादांच्या डोक्यावरची माकडटोपी, सासूबाईंचा अंबाडा, सगळ्यांचे पाय गेले.

सासूबाईही माझ्याबरोबर वस्तीत आल्या. समाजमंदिरात सतरंजीवर सगळ्या बसल्या, फोटो हातोहात फिरायला लागले. मी तयारी करून गेले होते: आयफेल टॉवर १८८९ मध्ये उघडला, लुसर्नचा लाकडी पूल १९९३ साली आगीत जळाला आणि वर्षभरात पुन्हा उभा केला, ऱ्हाइनचा धबधबा दीडशे मीटर रुंद आहे. बायकांनी ऐकून घेतलं, अगदी शाळेतल्यासारखं. मग एक-एक प्रश्न यायला लागले.

"ताई, ह्ये एवढं रस्तं लोटतं कोण?"

"हाटेलातली चादर रोज बदलत्यात? मग धुतं कोण?"

आणि आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी, ज्या सहा घरं करायच्या, त्यांनी विचारलं, "तिथली बाई किती घरं करती?"

मला एकाचंही उत्तर येईना. सहाशे फोटो काढले होते मी. राजवाडे काढले, पुतळे काढले, दुकानांच्या काचा काढल्या. रस्ता झाडणारं माणूस एकही नाही. मी बघितलेच नव्हते म्हणा ना.

तेवढ्यात सासूबाईंनी गठ्ठ्यातून एक फोटो ओढून काढला. खरं तर तो छापायच्या छत्तिसांत मी घेतला नव्हता. दुकानात त्यांनीच हट्टानं घालायला लावला होता. युंगफ्राउला जायच्या दिवशी सकाळी आठ वाजता आमच्या हॉटेलच्या बोळकांडीत काढलेला. सासूबाई दशम्यांचा डबा खोलीत विसरून बाहेर आल्या आणि दार आपोआप बंद झालं. समोरून खोल्या आवरणारी बाई ढकलगाडी घेऊन येत होती. तिला इंग्रजी बेताचंच, सासूबाईंना तेवढंही नाही. त्या आपल्या दाराकडे हात करून म्हणत राहिल्या, "चावी, चावी." ती बाई थबकली. "शाव?" म्हणाली आणि खुदकन हसली. ती निघाली पोर्तुगालची. चावी हा आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेला शब्द! सासूबाई सावंतवाडीकडच्या, लहानपणी गोव्याला येणं-जाणं. त्यांना एकदम सूर सापडला. त्यांनी म्हटलं "बटाटा", ती म्हणाली "बटाटा". त्यांनी म्हटलं "पाव", ती मान डोलावून तसंच काहीतरी म्हणाली. मग "पगार" म्हटल्यावर तिनं दोन्ही हात हवेत उडवले आणि दोघी हसत सुटल्या. त्या हसण्याच्या ऐन मध्यात मी बटण दाबलं होतं, तेही दादा "बस निघाली, बस निघाली" करत होते म्हणून वैतागून. नंतर कार्डावर जागा करायला मी तो पुसायलाही निघाले होते.

सासूबाई बायकांना सांगायला लागल्या. "ही तिथली. पोर्तुगालहून कामाला आलेली. घर तिकडं, हिचा मुलगा आजीपाशी ठेवलाय." मी चमकले. म्हटलं, "आई, हे तुम्हाला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "अगं, तिनं हातानं उंची दाखवली ना. एवढासा. मी पण तिला आपल्या पिल्लूची उंची दाखवली, तुझ्याकडे बोट करून." मी तिथेच उभी होते, कॅमेरा डोळ्याला लावून. मला ते दिसलं नव्हतं.

तो फोटो चौदा हातांतून फिरला आणि परत आलाच नाही. सहा घरं करणाऱ्या मावशींनी तो पदराखाली घेतला होता. "ह्यो मला ऱ्हाऊ द्या." मी दिला. बाकीचे पस्तीस कुणी मागितले नाहीत.

पुढचं सगळं आपल्या सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं. २०१० मध्ये कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. दुकानातून करून आणलेली सीडी होती, तिच्यावर लेकीनं चित्रं काढली, ती पुन्हा कुठेच उघडली नाही. कार्ड तर मी केव्हाच पुसून शाळेच्या स्नेहसंमेलनाला वापरलं होतं. काही फोटो हौसेनं ऑर्कुटवर टाकले होते. ते २०१४ मध्ये बंद झालं आणि फोटो काढून घ्यायची मुदत मिळाली होती तीही मी घालवली. तसे त्यात सगळे माझेच होते.

पण त्याआधीच, २०११ च्या श्रावणात सासूबाई गेल्या. तीन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. भिंतीवर लावायला फोटो शोधायला लागलो तर पासपोर्टचा होता, कान दिसायला हवेत म्हणून पदर मागे ओढलेला, कुणावर तरी रागावल्यासारखा. लग्नातले होते, त्यात त्या मागे उभ्या. छापलेले पस्तीस काढले. त्यांत दादा होते, मी होते, टॉवर होता. सासूबाई चार-पाच ठिकाणी, थंडीनं आखडलेल्या, मफलरमध्ये अर्ध्या. त्या माझ्याबरोबर बारा दिवस होत्या आणि मी त्यांचा एकही धड फोटो काढला नव्हता. ह्यांनी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी मावशी आल्या. हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला तो फोटो. कडा पिवळ्या झालेल्या, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बगून घ्या. पर द्येनार न्हाई. माझा हाय त्यो." मी त्यांनाच घेऊन त्याच फोटोच्या दुकानात गेले. त्या मुलानं स्कॅन करेपर्यंत मावशी काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या आणि मूळ फोटो परत पिशवीत गेल्यावरच बाहेर पडल्या. मोठा करून आणलेला आता आमच्या हॉलमध्ये आहे. येणारे विचारतात, शेजारी कोण? त्या बाईचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नाही. आमच्या कुणाच्याच देव्हाऱ्याजवळ परकी बाई हसत उभी नसेल, पण तिला कापून काढू म्हटलं तर सासूबाईंचा हातच तुटत होता. तिनं तो धरलाय. अंबाडा मात्र गेलाच, तो मशिननं २००८ मध्येच नेलेला.

आता मी प्रवासाला गेले की मोबाइलवरचे फोटो कुणाला मागितल्याशिवाय पाठवत नाही. पाठवलेच तर पाच-सहा. माणसांचे मात्र छापून आणते, आणि ज्याचा आहे त्याला नेऊन देते.

दादांची पंचाहत्तरी उलटून गेली. प्रवासात त्यांनी खिशातल्या डायरीत बारीकसारीक वेळा लिहून ठेवल्या होत्या, ती डायरी अजून त्यांच्या उशाशी असते. अधूनमधून ते हॉलमधल्या फोटोसमोर उभे राहतात, चष्मा वर करून कोपऱ्यातले नारिंगी आकडे वाचतात आणि मला हाक मारतात. "अगं, हे अकरा पस्तीस कसं? साडेआठला बस सुटली. अकरा पस्तीसला आपण क्लाइने शायडेकला गाडी बदलत होतो, हे बघ, लिहिलंय. मग ही हॉटेलात कशी?"

मी सांगते, दादा, ते घड्याळ आपल्याकडचं होतं, साडेतीन तास वजा करा. ते बोटांवर मोजतात. आठ पाच. डायरी बघतात. "बरोबर," म्हणतात, "म्हणजे डबा आणायला गेली होती."

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतात.