एका झाडाचे गुपित

ऑर्किड म्हटले की आपल्याला सह्याद्रीतील आंब्या-फणसाच्या फांद्या आठवतात. पुष्कळ लोक त्यांना बांडगूळ समजतात. वस्तुतः बांडगूळ झाडाचा रस शोषते. ऑर्किड केवळ आधार घेते. मी येथे ज्याच्याविषयी लिहिणार आहे ते ऑर्किड मात्र जमिनीत उगवते, आणि तेही उत्तर इंग्लंडच्या चुनखडीच्या भूमीत.

त्याचे शास्त्रीय नाव सिप्रिपेडियम कॅल्सिओलस. इंग्रजीत ‘लेडीज स्लिपर’. तपकिरी-जांभळ्या पाकळ्यांमध्ये एक पिवळी, फुगीर सपात! छोटी मधमाशी या सपातेत शिरते. आत मध नसतोच. भिंती निसरड्या, म्हणून ती मागच्या अरुंद वाटेने बाहेर पडते, आणि जाताना पराग अंगाला चिकटवून नेते.

बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसल्यामुळे मातीतील विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि फूल यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणजे एक झाड उपटणे म्हणजे कित्येक वर्षे उपटणे होय. बागांच्या हौसेपायी इंग्लंडमध्ये नेमके हेच घडले. 1917 साली ही जात तेथून नामशेष झाली असे मानले गेले.

पुढे 1930 साली यॉर्कशायरमध्ये एक झाड सापडले. अवघे एक! ते कोठे आहे हे मोजक्या लोकांनी गुप्त ठेवले आणि त्याची राखण केली. युरोप व आशियात ही जात अन्यत्र आहे. परंतु इंग्लंडच्या रानात तेवढेच उरले होते.

तथापि राखण केल्याने झाड वाचते, वंश वाढत नाही. क्यू येथील वनस्पतिउद्यानाने 1983 साली ऑर्किड-संवर्धनाचा प्रकल्प सुरू केला. प्रयोगशाळेत बी रुजवून तयार केलेली रोपे 1989 पासून रानात लावली गेली. त्यांतील पहिले फूल उमलले 2000 साली, तब्बल अकरा वर्षांनी.

आपल्या कास पठारावरही जमिनीत उगवणारी ऑर्किडे आहेत. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासला 2012 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. पण मान मिळाला की गर्दी येते, आणि गर्दीच्या पावलांना फूल आणि गवत सारखेच. इंग्लंडमधील ते झाड लपवून ठेवता आले. अख्खे पठार लपवता येत नाही. तेव्हा तेथे राखणदार व्हायचे ते पाहणाऱ्यानेच. फूल आवडले म्हणून ते आपल्याजवळच असले पाहिजे, हा हट्ट सोडणे हीच माझ्या मते खऱ्या रसिकतेची पहिली पायरी आहे.