फौजी घरी आले, झोप मात्र सरहद्दीवरच

लग्नसराईत फैजपुरात वरात निघाली की फटाक्यांच्या माळा लागतात. मुलं धावत बाहेर येतात. एखाद्या घरात मात्र निवृत्त फौजी अब्बा दचकून उठतात, घामाघूम होतात, खोलीचं दार लावून घेतात. घरचे म्हणतात, स्वभाव तापट झालाय. कुणी म्हणतं, नजर लागली. कुणी तावीज आणून देतं.

अशाच एका घरातली, माझ्या विद्यार्थ्याची अम्मी परवा शाळेत भेटली. मोबाइलवर आलेली बातमी दाखवून हळूच म्हणाली, “आपा, परदेशात सैनिकांना नशेची गोळी देऊन बरं करतात म्हणे. नशा तर हराम. पण यांना झोप लागणार असेल तर...?” पुढे तिला बोलता आलं नाही.

तिच्या शौहरला जो त्रास असावा असं वाटतं, त्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. भयंकर प्रसंग संपतो, मनात मात्र चालूच राहतो. तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणं, वाईट स्वप्नं, सतत सावध राहणं, आपल्याच माणसांपासून तुटणं ही त्याची लक्षणं. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांच्या यादीत त्याला हे नाव दिलं. अपघात, दंगल किंवा पूर पाहिलेल्यांनाही तो होतो.

बातमीतला पदार्थ एमडीएमए. तो भीती काही काळ सैल करतो, त्यामुळे रुग्ण न घाबरता त्या आठवणीकडे पाहू शकतो, असा संशोधकांचा अंदाज आहे. अमेरिकेतील प्रयोगात गोळी घरी नेऊन खायला दिली नव्हती. आधी तीन बैठका बोलण्याच्या, मग महिनाभराच्या अंतराने औषधाचे तीन दिवस. त्या प्रत्येक दिवशी सुमारे आठ तास दोन उपचारक सोबत. नंतर पुन्हा नऊ बैठका.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १०४ रुग्ण होते. शेवटी औषध घेतलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांमध्ये आजाराचे निकष उरले नाहीत. खोटी गोळी घेतलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४८ टक्के होतं. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी नाकारली आणि आणखी एक प्रयोग करायला सांगितलं. आपल्याला खरी गोळी मिळाली की खोटी, हे रुग्ण सहज ओळखत होते. मग निकालावर विसंबायचं किती, हा एक मोठा आक्षेप होता. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञच ती देऊ शकतात. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार तिच्यावर बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या गोळीत काय मिसळलंय कळत नाही; ती रक्तदाब वाढवते, हृदयावर ताण आणते. दवा म्हणून जायज की नाजायज, हे उलेमा सांगतील. आज आपल्यासाठी तो रस्ता बंदच आहे.

पण त्या ४८ टक्क्यांकडे पुन्हा पाहा. त्यांना गोळी खोटी मिळाली, पण बारा बैठकांतली सोबत खरी होती. त्यातले काही काळाच्या ओघातही बरे झाले असतील. तरी जाणत्या माणसाने शांतपणे ऐकून घेणं किती मोलाचं आहे, हे यातून दिसतं.

आणि तो रस्ता आपल्याकडे उघडा आहे. आघाताच्या आठवणींवर टप्प्याटप्प्याने काम करणारे बोलण्याचे उपचार आहेत, गरज असेल तर मान्यताप्राप्त औषधंही आहेत. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे. तिच्या दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात.

घरच्यांनीही एवढं करावं: झोपेत हलवून उठवू नये, लांबून नावाने हाक मारावी. वरात येणार असेल तर आधी सांगावं. “तिथे काय झालं होतं?” म्हणून खोदून विचारू नये; ते बोलू लागले तर मधे तोडू नये. दुआ करावी, आणि डॉक्टरांची वेळही घ्यावी.

त्या अम्मीने नंबर मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. जाताना म्हणाली, “पहिला फोन मीच करते, आपा. मग त्यांच्या हातात देते.”