आंदणात मुंबई आली, पाळणा मात्र हलला नाही

पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. परीक्षेत ते एका गुणाला येतं आणि पुढे विसरलं जातं. पण त्या लग्नातले नवरा-नवरी कोण, त्याआधी कोणकोणती स्थळं सांगून आली होती, लग्नानंतर त्या घराण्याचं काय झालं, हे शोधायला लागलं की माणूस थक्क होतो. त्या एका सोयरिकीवर आपल्या किनाऱ्यावरच्या बेटांचं नशीब ठरलं, आणि स्टुअर्ट घराण्याचंही.

नवरा होता इंग्लंडचा स्टुअर्ट राजा दुसरा चार्ल्स. 1649 मध्ये त्याच्या वडिलांचा शिरच्छेद झाला आणि पुढची बरीच वर्षं त्याची परदेशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला गेली. याच काळात त्याने फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ याच्या भाचीला, ऑर्तांस मान्सिनीला मागणी घातली. राज्य नसलेल्या राजाला मुलगी कोण देणार? माझारँने नकार दिला. 1660 मध्ये चार्ल्सला गादी परत मिळाली, तेव्हा तोच माझारँ भरघोस हुंडा घेऊन पुढे आला. या वेळी नकार चार्ल्सचा होता.

आता स्थळांची रीघ लागली. त्यातलं एक लिस्बनचं होतं, ब्रॅगांझा घराण्यातल्या कॅथरीनचं. 1640 मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून फुटून निघाला होता आणि स्पेन तो परत मिळवू पाहत होता. पोर्तुगालला जावयापेक्षा पाठीराखा हवा होता. कॅथरीनसाठी पूर्वी फ्रान्सच्या चौदाव्या लुईचाही विचार झाला होता, पण लुईने 1660 मध्ये स्पेनच्या राजकन्येशी लग्न केलं. स्पेनला ही इंग्लंडची सोयरीक मोडायची होती. त्याच्या लंडनमधल्या वकिलाने इटलीतल्या पार्माच्या राजकन्या सुचवल्या, प्रॉटेस्टंट स्थळंही पुढे केली, हुंडा आपण देऊ म्हणून सांगितलं. पण पोर्तुगालची बोली मोठी होती: 20 लाख क्रुझादो, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजिअर आणि मुंबईचं बेट. रिकाम्या खजिन्याच्या राजाला हे स्थळ नाकारवलं नाही. 1661 मध्ये करार झाला आणि मे 1662 मध्ये पोर्ट्समथला लग्न लागलं.

घराण्याची गोष्ट इथून वळण घेते. चार्ल्सने लग्नाबाहेरची डझनभर मुलं उघडपणे आपली मानली होती, पण कायद्याने त्यांतल्या एकालाही गादी मिळू शकत नव्हती. कॅथरीनला दिवस जात, पण गर्भ टिकत नसे. तिला सोडून दुसरं लग्न करा, असा सल्ला राजाला मिळाला. त्याने तो मानला नाही. बाकी बाबतीत बायकोशी एकनिष्ठ नसलेला हा राजा या एका गोष्टीत शेवटपर्यंत तिच्या पाठीशी राहिला.

त्यामुळे वारस ठरला धाकटा भाऊ जेम्स, आणि तो कॅथलिक झालेला. प्रॉटेस्टंट इंग्लंडला ते धोक्याचं वाटलं. 1679 ते 1681 या काळात त्याला वारसाहक्कातून वगळण्यासाठी संसदेत रणकंदन झालं. व्हिग आणि टोरी ही नावं त्याच भांडणात रूढ झाली. म्हणजे ब्रिटनच्या पक्षीय राजकारणाची सुरुवात शोधत गेलं, तर आपण एका रिकाम्या पाळण्यापाशी येऊन पोचतो!

1685 मध्ये चार्ल्स वारला आणि जेम्स राजा झाला. जून 1688 मध्ये जेम्सला मुलगा झाला. आता कॅथलिक राजांची रांगच लागणार, ही भीती लोकांच्या मनात बसली आणि त्याच वर्षी जेम्सला देश सोडून पळावं लागलं. गादीवर त्याची प्रॉटेस्टंट मुलगी मेरी आणि बोलावून आणलेला जावई विल्यम आले, पुढे दुसरी मुलगी ॲन आली. ॲनला 17 वेळा दिवस गेले, तरी तिच्यामागे एकही मूल उरलं नाही. 1714 मध्ये कॅथलिक असलेल्या पन्नासहून अधिक जवळच्या नातेवाइकांना ओलांडून मुकुट जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या जॉर्जकडे गेला.

आता चार्ल्सने दुसरं एखादं स्थळ पत्करलं असतं, अशी कल्पना करू. 1663 च्या सुमारास मुलगा झाला असता, तर 1685 मध्ये तो बावीस वर्षांचा, प्रॉटेस्टंट संस्कारांत वाढलेला राजा असता आणि जेम्स नुसता राजाचा काका. दुसऱ्या राणीलाही मूल झालं असतंच, हे कोण सांगणार? राजा आणि संसद यांच्यातला पैशाचा झगडाही मिटला नसता. पण 1688 ची ठिणगी पडायला कारण उरलं नसतं. विल्यमला बोलावणं गेलं नसतं, आणि राजाचे हात बांधणारा 1689 चा हक्कांचा कायदा कदाचित पुष्कळ उशिरा आला असता.

आणि मुंबई? पोर्तुगीजांचा गोव्यातला व्हाइसरॉय ती सोडायला तयारच नव्हता. ताबा घ्यायला आलेले सुमारे चारशे इंग्रज सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले, आणि 1665 मध्ये ताबा मिळेपर्यंत त्यांतले सुमारे शंभरच उरले होते. हे लग्न झालं नसतं तर मुंबई बहुधा पोर्तुगीजांकडेच राहिली असती. मग 1737 ते 1739 या काळात साष्टी आणि वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांच्या फौजा माहीमच्या खाडीशी थांबल्या असत्या का? हा प्रश्न मला झोपू देत नाही.

त्या करारातला हुंडा खर्चून गेला. टँजिअर 1684 मध्ये इंग्रजांनी स्वतःच सोडून दिलं. वारस झालाच नाही, आणि विधवा कॅथरीन माहेरी परतून 1705 च्या अखेरीस लिस्बनमध्ये वारली. चार्ल्सला न पेललेलं आणि त्याने 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलेलं बेट मात्र वाढत गेलं, आणि अजून वाढतंच आहे.