समाजमाध्यमे आणि शिक्षकांचे सहअध्ययन

प्राथमिक शिक्षकाचा व्यवसाय स्वभावतःच एकाकी आहे. नवा वकील जुन्या वकिलाचा युक्तिवाद न्यायालयात बसून ऐकतो. गवंडी दुसऱ्या गवंड्याच्या शेजारी उभा राहून काम शिकतो. शिक्षकाला मात्र दुसऱ्या शिक्षकाचा पाठ पाहावयास क्वचितच मिळतो. द्विशिक्षकी शाळेत तर एक शिक्षक रजेवर वा शासकीय कामावर गेला की दुसऱ्याने चारही इयत्ता सांभाळावयाच्या. वर्गात अडचण आली तर विचारावे कोणाला? केंद्राची शिक्षण परिषद महिन्यातून एकदा भरते आणि तिचाही बराच वेळ याद्या व तक्ते यांत जातो. समाजमाध्यमांचा शिक्षकाला जो खरा उपयोग आहे, तो ही उणीव भरून काढण्याचा होय.

आज बहुतेक शिक्षक व्हॉट्सॲपवरील चारसहा गटांचे तरी सभासद असतात. तेथे दिवसभर येते काय? शुभेच्छा, वाढदिवस, आणि ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असे निरोप. या गर्दीत अध्यापनाविषयीचा एखादा चांगला प्रश्न आलाच, तर तो तासाभरात वर सरकून दिसेनासा होतो. म्हणून पहिली गोष्ट ही की, कार्यालयीन निरोपांचा गट आणि अध्ययनाचा गट हे वेगळे असावेत. अध्ययनाचा गट लहान असावा. शेकडो सभासदांच्या गटापेक्षा एकच इयत्ता शिकवणाऱ्या पंधरा-वीस शिक्षकांचा गट अधिक उपयोगी पडतो. कारण तेथे सर्वांची अडचण सारखी असते आणि आपले अपुरे काम दाखवावयास संकोच वाटत नाही.

गट झाला, तरी त्यात टाकावे काय, हा प्रश्न उरतोच. सर्वसाधारण प्रथा छायाचित्रे टाकण्याची आहे. सजवलेला वर्ग, रंगवलेली भिंत, ओळीने बसलेली मुले; आणि खाली अभिनंदनाचे अंगठे. यातून उत्साह वाढतो हे खरे; परंतु पाठ कसा झाला हे चित्रावरून कळत नाही. याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा परिषद शाळांतून ज्ञानरचनावादी अध्यापनाचे काम उभे राहिले. 2015 च्या सुमारास ते पाहण्यासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक जाऊ लागले. तेथील वर्गांच्या फरशीवर आखलेल्या आकृत्यांची छायाचित्रे हातोहात सर्वत्र पोहोचली आणि गावोगावच्या फरशा रंगल्या. ज्यांनी तेथे बसून मुलांचे बोलणे ऐकले, त्यांच्या वर्गात बदल झाला. ज्यांनी नुसते छायाचित्र पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती केवळ रंग राहिला. आकृती पाठवता येते. तिच्याभोवती बसलेल्या मुलांना शिक्षक काय विचारतो व किती वेळ गप्प राहतो, हे लिहूनच कळवावे लागते.

तेव्हा गटाला द्यावयाची खरी वस्तू म्हणजे आपल्या वर्गातील नेमका प्रश्न. समजा, दुसरीच्या वर्गातील काही मुले 52 मधून 27 वजा करून 35 हे उत्तर लिहितात. ‘मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही, उपाय सुचवा’ असे लिहिले, तर उत्तरे येतील ती ‘भरपूर सराव घ्या’ अशा धर्तीची. त्याऐवजी मुलाच्या पाटीचे छायाचित्र टाकावे. दशकांचे गठ्ठे व सुट्या काड्या वापरल्या होत्या की नाही, ते सांगावे. आणि मुख्य म्हणजे, ‘हे कसे केलेस?’ असे विचारल्यावर मूल काय म्हणाले, ते त्याच्याच शब्दांत लिहावे. मग जाणत्या शिक्षकाच्या ध्यानी येते की, मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढीत आहे: पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. म्हणजे त्याची वजाबाकी पक्की आहे. संख्या ही दशकांची व एककांची मिळून एक आहे, ही जाण कच्ची आहे. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणे घातली, तर तो वीस वेळा तीच चूक गिरवील. त्याला एक गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या करावयास लावणे हा मार्ग आहे. दुसरा एखादा शिक्षक येथे भर घालील की, मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतात, म्हणून त्याच्या वर्गातील काही मुले 72 लिहितात; तेव्हा ती चूकही तपासून पाहावी.

यानंतरची पायरी बहुधा गाळली जाते. सुचवलेला उपाय चारपाच दिवस करून पाहिल्यावर काय झाले, हे त्याच गटात कळवले पाहिजे. सातांपैकी चार मुलांना जमले, तिघांना नाही, असे कळवणे हे सर्वांच्या अभिनंदनाहून मोलाचे. फसलेला उपाय कोणी सांगत नाही. त्यामुळे तोच उपाय दुसऱ्या तालुक्यात पुन्हा फसतो!

दूरच्या शिक्षकांशी परिचय होण्याचा लाभ सीमाभागात व आदिवासी भागात विशेष जाणवतो. मेळघाटात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिलीच्या मुलांची कोरकू येत नसते, नंदुरबारात पावरी येत नसते. ‘बस’, ‘ऐक’, ‘पाणी पाहिजे का’ इतके शब्द त्या भाषेच्या जाणकार शिक्षकाने आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवले, तर पहिल्या आठवड्यातच मुलाची भीती ओसरते. छापील शब्दसंग्रहात उच्चार ऐकू येत नाही.

काही गोष्टींत सावधगिरी अवश्य ठेवावी. मुलांची छायाचित्रे टाकताना चेहरा व नाव शक्यतो टाळावे. अभ्यासासाठी पाटी किंवा वही पुरेशी असते. 2023 साली संमत झालेल्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक मानली आहे व तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. मागे पडलेल्या मुलाचे नाव घेऊन गटात चर्चा करणे तर कायदा नसता तरी अयोग्यच. दुसरे, फिरत येणाऱ्या शासन निर्णयांविषयी. अशा पत्रावरील संकेतांक राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शोधून पाहिल्याशिवाय ते खरे मानू नये. ‘अनेकदा पुढे पाठवलेला’ अशी खूण असलेला संदेश पाच किंवा अधिक वेळा हस्तांतरित होऊन आलेला असतो, एवढेच ती खूण सांगते. तो खरा आहे असे सांगत नाही.

गटातील लेखन टिकाऊ नसते. भ्रमणध्वनी बदलला किंवा चित्र वेळीच उतरवून घेतले नाही, तर महिन्यापूर्वीची उत्तम चर्चा हाती लागत नाही. यासाठी गटातील एका शिक्षकाने, पाळीपाळीने, त्या आठवड्यातील एक प्रश्न, सुचलेले उपाय आणि त्यांचा परिणाम साध्या वहीत उतरवून घ्यावा. ती वही केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत वाचावी, म्हणजे जे शिक्षक गटात नाहीत त्यांनाही तो प्रश्न आपल्या वर्गात तपासून पाहता येईल.