फोनची कळ आपण किती वेळा दाबतो?

तुमच्या घरातील कपाटात किंवा खणात एखादा जुना बटणांचा मोबाइल पडलेला असेल. तो बाहेर काढा आणि त्याच्या कळांकडे नीट पाहा. काही कळांवरचे अंक अजून स्वच्छ दिसतात. काहींवरचे पुसट झालेले असतात, तर एखाद्या कळेवर नुसताच गुळगुळीत रबर उरलेला असतो. कोणती कळ किती वापरली गेली याची ही आपोआप झालेली नोंदच होय. आपल्या देशात मोबाइलचा क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतो. तेव्हा या कळा अधिक झिजलेल्या आढळतात का, हे प्रथम पाहावे.

परंतु झिजेवरून नेमकी संख्या कळत नाही. ती मोजावीच लागते. माझी आई आजही बटणांचाच फोन वापरते. एका रविवारी मी वही-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसलो. (तिला हा उद्योग मुळीच आवडला नाही!) दिवसभरात तिने चार फोन केले. त्यांपैकी तीन २ ही कळ दाबून धरून केले, कारण त्या कळेवर माझ्या बहिणीचा क्रमांक साठवलेला आहे. म्हणजे ३ दाब. चौथा फोन पूर्ण क्रमांक दाबून केला. दहा अंक व हिरवी कळ मिळून ११ दाब. चारही वेळा कळफलकाचे कुलूप उघडण्यासाठी दोन-दोन कळा, म्हणजे ८ दाब. बोलणे संपल्यावर तांबडी कळ ४ वेळा. तिला पाच फोन आले; ते घेण्यास व बंद करण्यास १० दाब. वीज गेली तेव्हा आणि रात्री एकदा विजेरी लावली व मालवली, त्याचे ४ दाब. बेरीज करा: ४०.

आता पंचवीस-एक वर्षांपूर्वीच्या महाविद्यालयीन मुलांचा विचार करा. तेव्हा संदेश लिहायचा तो याच बारा कळांवर. एकेका कळेवर तीन किंवा चार रोमन अक्षरे. पहिल्या अक्षरासाठी एक दाब, दुसऱ्यासाठी दोन, याप्रमाणे. त्या काळी मराठी पोरे मराठी मजकूरही रोमन लिपीतच लिहीत. ‘घरी ये’ एवढेच लिहायचे असले तर जी, एच, ए, आर, आय या पाच अक्षरांना अनुक्रमे १, २, १, ३, ३ असे १० दाब. मोकळ्या जागेसाठी १. आणि वाय व ई यांसाठी ३ व २. सात अक्षरांसाठी एकूण १६ दाब! शिवाय जी आणि एच ही दोन्ही ४ याच कळेवर असल्यामुळे त्यांच्यामध्ये क्षणभर थांबावे लागे. न थांबल्यास भलतेच अक्षर उमटे.

सव्वीसही अक्षरांच्या दाबांची बेरीज ५६ येते, म्हणजे सरासरी अक्षरामागे दोनाहून थोडे अधिक दाब. शंभर अक्षरांच्या संदेशाला सुमारे २०० दाब धरू. दिवसाला वीस संदेश पाठविणाऱ्या मुलाचे ४,००० दाब झाले. माझ्या आईच्या शंभरपट!

या दाबांनी कळेचे काय होते? कळेच्या रबराखाली धातूच्या पातळ पत्र्याची एक छोटीशी घुमटी असते. जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळतो. पोट दाबले की ‘टक्’ वाजतो. तीच ही करामत. दाब वाढत जातो तशी घुमटी थोडी वाकते आणि एका ठराविक दाबाला एकदम आत बसते. बोटाला जाणवणारी ‘टक्’ ती हीच. त्याच क्षणी घुमटीचा मध्य खालच्या संपर्कबिंदूला टेकून मंडल पूर्ण होते. बोट उचलताच पत्रा आपल्या स्थितिस्थापकतेमुळे पूर्ववत होतो. असे लाखो वेळा व्हावे अशीच त्याची रचना असते. समजा, एक घुमटी ५ लाख दाब सोसते. आईची तांबडी कळ दिवसाला ९ वेळा दाबली जाते. या हिशोबाने ती दीडशे वर्षे टिकावी. त्या मुलाचे ४,००० दाब मात्र अक्षरांच्या आठ कळा आणि मोकळ्या जागेची एक अशा नऊ कळांवर वाटले गेले, तरी प्रत्येकीला रोजचे सुमारे ४४४ दाब पडतात आणि ५ लाखांचा आकडा जेमतेम तीन वर्षांत गाठला जातो. प्रत्यक्षात धूळ, घाम आणि पावसाचे पाणी घुमटीच्या आधीच कळेचा निकाल लावतात, हा भाग वेगळा.

कोणती कळ दाबली हे फोनला कसे कळते? प्रत्येक कळेला स्वतंत्र तार दिली तर बारा तारा आणि एक सामाईक, अशा तेरा लागतील. त्याऐवजी चार आडव्या व तीन उभ्या अशा सातच तारांची जाळी करतात आणि प्रत्येक छेदावर एक कळ ठेवतात. फोनमधील मायक्रोप्रोसेसर आडव्या तारांना पाळीपाळीने विद्युत-संकेत देतो आणि तो कोणत्या उभ्या तारेतून बाहेर येतो ते पाहतो. दुसऱ्या आडव्या तारेला दिलेला संकेत मधल्या उभ्या तारेत आला, तर ५ दाबले गेले. ही फेरी सेकंदात अनेकदा होत असल्यामुळे आपले बोट त्याच्या तावडीतून सुटत नाही. येथे एक गंमतीची अडचण आहे. पत्रा टेकताना काही सहस्रांश सेकंद थरथरतो. मंडल जुळते, तुटते, पुन्हा जुळते. प्रोसेसर उतावळा असता तर एका दाबाचे चार दाब मोजले गेले असते! म्हणून पहिला संकेत येताच तो जरा थांबतो आणि संकेत स्थिर झाल्यावरच एक दाब नोंदवतो.

सात तारांत बारा कळा बसविण्याची ही युक्ती मोबाइलच्या फार आधी दूरध्वनीत आवाजांच्या रूपाने आली होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्नेगी व ग्रीन्सबर्ग या गावी १८ नोव्हेंबर १९६३ रोजी कळांच्या दूरध्वनीची सार्वजनिक सेवा सुरू झाली. (* आणि # या कळा १९६८ मध्ये आल्या.) त्यात प्रत्येक आडव्या ओळीला एक आणि प्रत्येक उभ्या ओळीला एक सूर दिलेला आहे. ५ दाबले की ७७० व १,३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम निघतात. एकच सूर असता तर बोलण्यातला किंवा शिट्टीचा आवाजही अंक समजला जाण्याचा धोका होता; ठराविक जोडी मात्र सहसा आपोआप जुळून येत नाही. आज मोबाइलवर बोलत असताना ‘मराठीसाठी १ दाबा’ असे सांगितले जाते, तेव्हा आपला फोन यंत्रणेला फक्त निरोप धाडतो आणि सुरांची जोडी पलीकडची यंत्रणा काढते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ ही सोय सुरू केली. तिच्या एका पद्धतीत ध्वनिमुद्रित सूचना ऐकून कळा दाबायच्या आणि पैसे पाठवायचे असतात.

आईला मी दोन वर्षांपूर्वी टचस्क्रीनचा फोन आणून दिला होता. महिनाभरात तो माझ्याकडेच परत आला. मला थोडा रागच आला; पण पदार्थविज्ञान शिकविणाऱ्याने रागावण्यापूर्वी विचार करायला हवा होता. त्या काचेखाली विद्युतवाहक तारांची पारदर्शक जाळी असते. आपले बोट सुवाहक असल्यामुळे ते जवळ येताच तेथील विद्युत-धारिता बदलते आणि तो बदल फोन टिपतो. जोर लावावा लागत नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. थरथरते बोट नुसते टेकले तरी ती आज्ञा ठरते. भांडी घासता घासता ओल्या हाताने फोन घ्यावा, तर पाण्याचे थेंबही धारिता बदलतात. घट्टे पडलेल्या कोरड्या बोटाची दखल कधीकधी घेतलीच जात नाही. कळ मात्र ठराविक दाब पडेपर्यंत ढिम्म हलत नाही. तिच्यावर बोट विसावता येते, चाचपता येते.

चाचपण्यावरून आठवले. डोळे मिटून आपल्या जुन्या फोनच्या ५ या कळेवरून बोट फिरवा. तेथे एक बारीक उंचवटा लागेल. तो सापडला की वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. ज्याला दिसत नाही त्यालाही साऱ्या कळफलकाचा नकाशा त्या एका ठिपक्यावरून मिळतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर पट्टी होती त्या दिवसांत आई असाच फोन लावत असे.

आता एक कोडे. वर सांगितलेली जाळी वहीत काढा. समजा, १, २ आणि ४ या तीन कळा कोणी एकदम दाबून धरल्या. पहिली आडवी तार १ आणि २ या कळांनी दोन उभ्या तारांना जोडली गेली आहे. दुसरी आडवी तार ४ या कळेने पहिल्या उभ्या तारेला. आता प्रोसेसरने दुसऱ्या आडव्या तारेला संकेत दिला, तर तो कोणकोणत्या उभ्या तारांतून बाहेर येईल? पेन्सिलने वाट गिरवत जा. न दाबलेली एक चौथी कळही दाबल्यासारखी दिसेल, ती कोणती?